होडीवाल्याचं आमंत्रण

मिसर म्हणजे इजिप्तमधल्या मन्सूरा शहरातल्या शाळेत भूगोल शिकवता शिकवता हिल्मीने फळ्यावर इतके डोंगर काढले होते, की मुलं त्याला पाठीमागे डोंगरमास्तर म्हणायची. खऱ्या डोंगरावर मात्र त्याने आयुष्यात पाऊल ठेवलं नव्हतं. ठेवणार कुठून? नाईल नदी समुद्राला मिळते तिथला तो सगळा मुलूख सपाट. उंच म्हणावा असा एक रेल्वेचा पूल होता आणि त्याच्यावर चढतानासुद्धा हिल्मीला धाप लागायची. पुढे नोकरीसाठी तो ओमानात आला, इझकी गावात राहायला लागला, तर खिडकी उघडली की समोर जबल अख्दर, म्हणजे हिरवा डोंगर, उभा. रोज बघायचा आणि रोज म्हणायचा, जाऊ एकदा. या शनिवारी मात्र जाणं भागच होतं, कारण येत्या गुरुवारी त्याची बायको इन्साफ मिसरला परत चालली होती.

"मरवाची परीक्षा आहे, महिनाभर तिच्याजवळ राहीन आणि येईन," असं ती म्हणत होती. मरवा त्यांची मुलगी. ती मन्सूरात मावशीकडे राहून कॉलेजात शिकत होती, आणि परीक्षेच्या वेळी आई जवळ असण्यापेक्षा नसणंच तिला मानवतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाय महिनाभरासाठी जाणारी बाई हिवाळ्याचं ब्लँकेट, पिठाची चाळण आणि भिंतीवरची आईची तसबीर बॅगेत भरत नाही. हिल्मी भोळा होता, पण इतका नव्हता. ती गेली की परत येणार नाही, हे तो समजून चुकला होता. पण 'जाऊ नकोस' एवढं काही त्याच्या तोंडून निघत नव्हतं. तसं म्हणायचं तर सोबत काहीतरी द्यायला हवं, आणि त्याच्याजवळ देण्यासारखं होतं काय? खिडकीसमोरचा तो डोंगर. तेव्हा डोंगर तर डोंगर, असं त्याने ठरवलं.

इन्साफचं दुखणं साधं होतं. तिला बोलायला माणूस नव्हतं. मन्सूरात ती राहायची तिसऱ्या मजल्यावर, पण तिचा संसार सगळा गल्लीत. सकाळी सज्ज्यातून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची. भाजीवाला त्यात टोमॅटो टाकेपर्यंत चार बायकांची विचारपूस व्हायची, दोघींची उणीदुणी निघायची आणि एखादीच्या मुलीचं लग्नसुद्धा जुळायचं. इझकीत भिंती उंच आणि दारं बंद. बायका वाटेत भेटल्या तर गोड हसून ख्यालीखुशाली विचारायच्या आणि आपापल्या घरात शिरायच्या. शेजारची शमसा सुरुवातीला रोज म्हणायची, "ये ना, कॉफीला ये." पण इन्साफ पडली शहाण्या घरची. कुणी 'ये' म्हटलं की छातीवर हात ठेवून 'तुमचं घर सदा भरलेलं राहो' असं म्हणायचं आणि आपल्या वाटेने जायचं, हे ती आईच्या मांडीवर शिकली होती.

मिसरमध्ये असल्या बोलावण्याला होडीवाल्याचं आमंत्रण म्हणतात. होडीवाला भर नदीत भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसतो आणि काठावरच्या माणसाला ओरडून सांगतो, 'या हो जेवायला!' काठावरचा येणार नाही हे त्याला ठाऊक असतं आणि काठावरच्यालाही. पण म्हणायची रीत आहे. खरंच बोलवायचं असेल तर माणूस बाही धरून ओढतो. शपथा काय, त्या कुणीही घालतं. शमसाने कधी बाही धरली नाही. काही महिने नुसतं म्हणत राहिली आणि मग म्हणायचंही सोडलं.

"तोंडदेखली माणसं," इन्साफ म्हणायची. "यांच्यापेक्षा आपला भाजीवाला बरा. तो निदान भांडतो तरी."

डोंगराच्या पायथ्याशी पोलिसांची चौकी होती. साध्या गाडीला तिथून वर सोडत नाहीत, म्हणून हिल्मीने शाळेतल्या व्यायामशिक्षकाच्या हातापाया पडून त्याची जीप आणली होती. पोलीस तरुण होता. त्याने आधी जीपची चाकं बघितली, मग हिल्मीचा चेहरा बघितला, आणि काळजी त्याला चेहऱ्याचीच जास्त वाटली.

"उस्ताद, या आधी कधी वर गेलाय?"

"मी भूगोलाचा शिक्षक आहे," हिल्मी म्हणाला.

"ते झालंच. पण गाडी घेऊन गेलाय का?"

"वीस वर्षं जातोय तो," इन्साफ खिडकीतून म्हणाली. "खडूने."

पोलीस खळखळून हसला. उतरताना ब्रेकवर पाय दाबून बसू नका, गिअर खालचा ठेवा, असं त्याने दोनदा बजावलं. मग थर्मास उचलून म्हणाला, "या, कॉफी घेऊन जा. वर गार आहे."

"तुमचं घर सदा भरलेलं राहो," हिल्मीने छातीवर हात ठेवला आणि गाडी पुढे काढली. आरशात बघितलं तर तो पोलीस ओतलेला कप हातात घेऊन तसाच उभा होता.

पहिल्या वळणावर इन्साफने कुराणातल्या आयती म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या वळणावर आवाज चढवला. तिसऱ्या वळणावर दरी एकदम तिच्याच खिडकीखाली आली तशी ती थांबली आणि म्हणाली, "गुरुवारचं विमान चुकवायला मला दरीत टाकायची काही गरज नव्हती. तिकीट फाडलं असतंस तरी भागलं असतं."

हिल्मीला हसायचं होतं, पण त्याचे हात, पाय, डोळे सगळेच रस्त्यात गुंतले होते. "तू बाहेर बघ ना," तो कसाबसा म्हणाला. "ते थर दिसतायत का? हा सगळा भाग एके काळी समुद्राखाली होता."

"मग वर यायची काय घाई झाली होती त्याला? बरा होता की तिथे."

"इन्साफ, थोडं कौतुक कर. एवढा मोठा डोंगर आहे."

"मोठा आहे, नाही म्हणत नाही. पण याला हिरवा डोंगर कुणी म्हटलं? त्या माणसाच्या डोळ्यांना औषध घाला म्हणावं."

हिरवं होतं, पण वर पोचल्यावर. पठार संपून जिथे डोंगर पुन्हा खाली कोसळतो, तिथे कड्याला बिलगून एक गाव होतं आणि गावाखाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली वाफ्यांसारखी शेतं. डाळिंब, अक्रोड, द्राक्षांचे वेल, आणि प्रत्येक बांधावर गुलाब. गुलाबाचा हंगाम होता. वारा गार होता आणि त्याला चक्क वास येत होता. हिल्मीने गाडी थांबवली, घाम पुसला आणि बायकोकडे बघितलं. या क्षणासाठी त्याने अख्खा आठवडा जीव टांगला होता.

"सुंदर आहे," इन्साफ म्हणाली. शेजारणीचे नवे पडदे बघून म्हणावं, तसं.

हिल्मीने जीपचं इंजिन बंद केलं. होता नव्हता तो डोंगर देऊन झाला होता. आता त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं.

शेतांमधून जाणाऱ्या पाटाच्या कडेला एका अक्रोडाखाली त्यांनी चटई अंथरली. इन्साफने पातेल्याचं फडकं सोडलं आणि एवढं मात्र झालं, की हिल्मीचं दुःख घटकाभर बाजूला सरलं. पातेल्यात महशी होती. द्राक्षाच्या पानांत मसाल्याचा भात भरून करंगळीएवढ्या बारीक गुंडाळ्या करायच्या, एकीला एक चिकटवून रचायच्या आणि लिंबाच्या पाण्यात शिजवायच्या. इन्साफची महशी मन्सूराच्या त्या गल्लीत प्रसिद्ध होती. इथे आल्यापासून तिने ती केलीच नव्हती. 'कुणासाठी करायची?' असं विचारायची, आणि हिल्मी समोर बसलेला असायचा. आता जाता जाता, गावाकडून कुणीतरी आणून दिलेली बरणीतली पानं संपवायची म्हणून तिने पातेलंभर केली होती. हिल्मीने बाह्या सरसावल्या.

तेवढ्यात पाटाच्या काठाने वरून एक म्हातारी येताना दिसली. डोक्यावर गुलाबाच्या फुलांचं बोचकं, पाठोपाठ दोन सुना आणि त्यांच्याही डोक्यांवर बोचकी. आता पुढ्यात अन्न आहे आणि समोरून माणूस चाललंय म्हटल्यावर मिसरच्या बाईने गप्प बसायचं म्हणजे फारच झालं. इन्साफने मान वर केली, तोंडभर हसली आणि गल्लीतल्याच ठेक्यात, परक्या म्हातारीलाही मावशी करून, म्हणाली, "या या, खाला! जेवायला या! अल्लाशपथ सांगते, आमच्याबरोबर दोन घास खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही!"

आणि ती पुन्हा पातेल्याकडे वळली. तिच्या हिशेबी बोलणं संपलं होतं. आता म्हातारीने 'तुमचं घर भरलेलं राहो' म्हणायचं आणि चालू लागायचं.

म्हातारी थांबली. सुना थांबल्या. म्हातारीने बोचकं उतरवून दगडावर ठेवलं.

"येते की," ती म्हणाली. "भूक बी लागलीय."

इन्साफचा हात पातेल्यावरच राहिला. तिने हिल्मीकडे बघितलं, हिल्मीने पातेल्याकडे. म्हातारी मात्र वळून वरच्या शेतांकडे तोंड करून खणखणीत आवाजात हाका मारत होती. "ए सुलैयम! अरे हमूद! या खाली! पाहुण्यांनी जेवायला बोलावलंय! शपथ घातलीय त्यांनी, मोडायची नाही!"

"किती जणांना बोलावतेय ती?" इन्साफ दातांतल्या दातांत पुटपुटली.

"मला काय विचारतेस? शपथ तू घातलीस."

वरच्या बांधाआडून एक डोकं निघालं, मग दुसरं. म्हातारीचा नवरा सुलैयम काठी टेकत उतरला, त्यांचा मुलगा हमूद उड्या मारत उतरला, आणि आणखी एक धाकटा मुलगा चटईच काखोटीला मारून आला. म्हातारीने आपलं नाव झुवैना म्हणून सांगितलं, इन्साफचं विचारून घेतलं, आणि पाटातल्या पाण्यात हात धुऊन अशी बसली, की जणू हे जेवण महिनाभर आधी ठरलेलं होतं. रीतीप्रमाणे बायका डाळिंबाच्या झुडपापलीकडे आणि पुरुष अलीकडे. इन्साफने पातेल्यातली निम्मी महशी झाकणावर काढून अलीकडे पाठवली. झाकण हिल्मीपर्यंत यायच्या आत चार हातांतून फिरलं.

सुलैयमने एक गुंडाळी उचलली, उजेडाला धरली, वास घेतला. मग बांधावरच्या वेलाकडे बघितलं आणि पुन्हा हातातल्या गुंडाळीकडे.

"ही द्राक्षाची पानं न्हवं?"

"हो. आत भात आहे."

"पानं तर आम्ही शेळ्यांना घालतो." म्हाताऱ्याने ती तोंडात टाकली, डोळे मिटून चावली आणि लगेच दुसरी उचलली. "शेळ्यांना कळतंय म्हणायचं."

हमूद हसता हसता ठसकला. हिल्मीनेही हसून घेतलं, पण त्याचं लक्ष झाकणावर होतं. तिथे आता बरंचसं झाकणच दिसत होतं.

"हे असं एकेक पान गुंडाळत बसायचं? किती वेळ लागतो हो, उस्ताद?" हमूदने विचारलं.

"अख्खा दिवस जातो तिचा."

"आणि खायला?"

"ते बघतोच आहे मी," हिल्मी म्हणाला, आणि त्या बापलेकांना इतकं हसू आलं, की शेवटच्या दोन गुंडाळ्या त्यांनी त्याच्याच पुढे सरकवल्या.

"तुमच्या गावाकडं डोंगर कसा आहे?" सुलैयमने मग पाहुण्याची विचारपूस म्हणून विचारलं.

"आमच्याकडे डोंगर नाही."

"एकबी नाही?"

"एकही नाही."

म्हाताऱ्याला खरोखर वाईट वाटलं. "मग शेळी हरवली तर चढून बघता कुठनं?"

"रेल्वेच्या पुलावरून," हिल्मी म्हणाला. पण त्याचं ध्यान तिथे नव्हतंच. झुडपापलीकडे इन्साफ अगदी पाहुण्यांसमोरच्या आवाजात, मोजूनमापून बोलत होती. तो आवाज त्याला ठाऊक होता. त्या आवाजात ती शाळेच्या मुख्याध्यापकांच्या बायकोशी बोलायची आणि घरी येऊन डोकं दाबून घ्यायची.

"इझकीत शेजारणी कशा आहेत गं?" झुवैना विचारत होती.

"चांगल्या आहेत, खाला. पण येणंजाणं नाही."

"का बरं?"

"कुणी बोलावतच नाही." जरा थांबून ती म्हणाली, "म्हणजे एक बोलवायची. शमसा. रोज म्हणायची, कॉफीला ये. पण ते आपलं म्हणायचं म्हणून."

"म्हणायचं म्हणून म्हंजे?"

"म्हणजे… आमच्याकडे होडीवाला नदीच्या मधोमध जेवायला बसतो ना, आणि काठावरच्याला हाक मारतो, या जेवायला. तसं."

अलीकडे सुलैयमने बोटं चाटायचं थांबवून कान दिला.

"मग तो होडी काठाला का लावत नाही?" झुवैनाने विचारलं.

"लावायची नसतेच, खाला. तो नुसतं म्हणतो."

"जेवायला घालायचं नसंल तर हाक कशापायी मारायची? गप जेवावं की." एक सून फिसकन हसली. झुवैना मात्र कोडं सोडवायला बसली होती. "अन् ती शमसा रोज बोलवायची, अन् तू रोज नाही म्हणायचीस?"

"हो."

"अन् ती रोज कॉफी करून तुझी वाट बघायची?"

अगदी वेगळ्या, बारीक आवाजात इन्साफ म्हणाली, "एकदा ती दारातच उभी होती. हातात थर्मास, खजुराची थाळी. मला वाटलं, कुठे निघाली असेल."

"अगं पोरी!" झुवैनाने कपाळाला हात लावला असावा. "तिला वाटलं असणार, या मिसरच्या बाईला आमचं घर हलकं वाटतं. इकडं कुणी ये म्हटलं तर जायचं असतं. जायचं नसंल तर सांगायचं, उद्या येते. अन् उद्या जायचं."

हिल्मीला चौकीवरचा तो पोलीस आठवला आणि त्याचे कान तापले. गेल्या वर्षभरात आपण स्वतः किती दारांवरून छातीवर हात ठेवत पुढे गेलो, हे तो मनातल्या मनात आठवू लागला आणि फारच दारं आठवायला लागली तसा थांबला.

तेवढ्यात पलीकडे झुवैनाचा आवाज बदलला. "थांब गं. मघाशी मला हाक मारलीस. ती कसली?"

हिल्मीने शेवटची गुंडाळी झाकणावर परत ठेवली. आता ही बया काय सांगणार? खोटं बोल, इन्साफ, तो मनात म्हणाला. नबीची शपथ आहे तुला, या एका वेळी खोटं बोल.

"तीही होडीवाल्याचीच होती, खाला," इन्साफ म्हणाली.

सुलैयमने काठी हातात घेतली. आणि मग झुडपापलीकडे झुवैना जी हसायला लागली, ती थांबेचना. "म्हंजे मी आपली पाण्यात उडी मारून होडीत चढले म्हणायची! अन् म्हाताऱ्याला बी घेऊन चढले! पोरांना बी!" सुना हसायला लागल्या. सुलैयमही दोनचार दात उरलेलं तोंड उघडून हसायला लागला आणि त्या सगळ्या गलक्यातून आणखी एक हसणं वर आलं. पोटातून येणारं, मध्येच किंचाळी मारणारं, तिसऱ्या मजल्यावरून गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारं. मन्सूरा सोडल्यापासून हिल्मीने ते ऐकलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते लपवलंही नाही. मिरचीचं निमित्त त्या जेवणात नव्हतं.

"तू मला बुडवलंस, खाला," इन्साफ हसता हसता म्हणत होती. "एक गुंडाळी राहिली नाही पातेल्यात."

"मग आता आमच्याकडं चल. भात शिजतोय. गुलाबपाण्याची भट्टी बी बघशील."

"नको नको, तुम्हाला कशाला त्रास," हिल्मी सवयीने झुडपाअलीकडून ओरडला. "तुमचं घर सदा भरलेलं…"

"गप बस, उस्ताद!" पलीकडून इन्साफचा आवाज आला. "येतोय आम्ही!"

झुवैनाच्या घरी पुरुषांच्या बैठकीत हिल्मीला मोठ्या ताटात भात आणि बकऱ्याचं मटण मिळालं, आणि कॉफी इतक्या वेळा मिळाली, की शेवटी कप हलवून पुरे म्हणायचं असतं हे हमूदने त्याला कानात सांगितलं. आतल्या अंगणातून मडक्यांचे आवाज येत होते. बायका भट्टीवरच्या मडक्यांत पाकळ्या दाबून भरत होत्या आणि प्रत्येक मडक्यामागे इन्साफ काहीतरी सांगत होती. भाजीवाल्याची गोष्ट झाली, तिच्या नणंदेच्या लग्नाची झाली, हिल्मी पहिल्यांदा मागणी घालायला आला आणि जिन्यातच घसरला तीही झाली. शेवटची गोष्ट झाल्यावर सगळ्या बायका दारातून डोकावून त्याला बघून गेल्या.

दुपार कलली तशी ती बाहेर आली. रुमाल वाकडा, बाह्या कोपरापर्यंत, अंगाला धुराचा आणि गुलाबाचा वास. ईदच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरातून निघायची अगदी तशी. हिल्मीला वाटलं, आता म्हणावं. आता नाही म्हटलं तर कधीच नाही.

"इन्साफ," त्याने सुरुवात केली.

"काय मजा आली रे!" ती म्हणाली. "मरवाला सगळं सांगायला हवं. समोर बसून सांगण्यासारखं आहे, फोनवर नाही जमायचं."

हिल्मीने तोंड मिटलं. म्हणजे दिवस छान गेला होता आणि गुरुवार जिथल्या तिथे होता. जाता जाता एक गोड आठवण पदरात पडली, एवढंच. डोंगराने बिचाऱ्याने आपल्या परीने केलं. त्याने जीपच्या किल्ल्या काढल्या आणि अंधाराच्या आत उतरायला हवं, असं हमूदला म्हणाला.

निरोप द्यायला सगळं घर गाडीपर्यंत आलं. सुनांनी द्राक्षाच्या कोवळ्या पानांनी गच्च भरलेली एक टोपली मागच्या सीटवर ठेवली. "शेळ्यांच्या तोंडचा घास काढून दिलाय," सुलैयम म्हणाला. इन्साफने झुवैनाचे गाल एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, पुन्हा उजवीकडे असे किती वेळा चुंबले कोण जाणे. आणि गाडीत बसता बसता, तोंडाला जन्माची सवय, ती म्हणाली, "आता तुम्ही आमच्याकडे यायचं हं, खाला! सगळ्यांनी! अल्लाशपथ, नाही आलात तर मी कायमची रुसेन!"

"येऊ की," झुवैना म्हणाली. "कोणत्या दिवशी?"

हिल्मीचा हात किल्लीवर थांबला. त्याने बायकोकडे बघायचं टाळलं. समोर काचेतून रस्ता बघत राहिला. आता ती काय म्हणणार? 'अल्लाच्या मनात असेल तेव्हा' असं म्हणेल. 'उन्हाळा झाल्यावर' म्हणेल. खरं सांगायचा आज तिला नादच लागलाय, तेव्हा सरळ सांगेल, की मी नसणार आहे. झुवैना खिडकीच्या काठावर दोन्ही हात ठेवून उभी होती. तिला घाई नव्हती. ती उत्तरासाठीच थांबली होती, आणि उत्तर मिळालं की ती त्या दिवशी येणार होती.

"शुक्रवारी," इन्साफ म्हणाली.

"ह्याच शुक्रवारी?"

"याच. नमाज झाला की जेवायलाच या."

"आम्ही लई जण आहोत हां. थोरली लेक बी येईल, तिची पोरं बी."

"येऊ देत. शमसाही असेल."

"आलो मग," झुवैना म्हणाली आणि खिडकी सोडली.

हिल्मीने गाडी सुरू केली. गिअर खालचा टाकला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. दरी आता त्याच्या बाजूला होती, पण त्याला ती दिसतसुद्धा नव्हती. इन्साफने आयती म्हटल्या नाहीत. ती मागे हात घालून टोपलीतली पानं चाचपत होती, कुठलं कोवळं, कुठलं राठ.

"उद्या सकाळी शमसाकडे जायचंय मला," ती म्हणाली. "कॉफीला."

"तिने बोलावलंय?"

"कधीचं."

हिल्मीने आणखी एक वळण जाऊ दिलं. आपण विचारलं आणि तिला आठवलं तर? पण न विचारता इझकीपर्यंत जाणं त्याच्याच्याने होईना. "इन्साफ," तो शेवटी घसा साफ करून म्हणाला, "पण गुरुवारी तर…"

"गुरुवारी?" तिने त्याच्याकडे असं बघितलं, की याला भूगोल शिकवायला ठेवला तरी कुणी. "गुरुवारी मला मरायला तरी सवड आहे का? शुक्रवारी एवढी माणसं जेवायला यायची, आणि पानं कोण गुंडाळणार, तू?"